चवदार तळे ते मेम्फिस : नागरी हक्कांचा उत्तरार्ध



आरोंद्यासारख्या खाडीकाठच्या गावी अमेरिकेतील वर्णसमतेच्या लढ्यावर व्याख्यान म्हटले, की कोणाच्याही मनात सहज प्रश्न येईल : तेरेखोलच्या काठी बसून मिसिसिपीच्या पाण्याची चौकशी कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आम्ही आरंभीच देऊन टाकतो. आपल्या देशात अस्पृश्यतेविरुद्धचा पहिला सर्वदेशीय कायदा १९५५ साली झाला. त्याचे नाव होते 'अस्पृश्यता (अपराध) अधिनियम'. १९७६ साली त्यात दुरुस्ती झाली आणि त्याचे नाव बदलून 'नागरी हक्क संरक्षण अधिनियम' असे ठेवण्यात आले. म्हणजे जो शब्द अमेरिकेतील काळ्या माणसाने बसमध्ये, भोजनगृहात आणि मतदानकेंद्रावर मार खाऊन जगाच्या कानी घातला, तोच शब्द आमच्या विहिरीच्या काठाला आणि देवळाच्या उंबरठ्याला आम्ही लावून घेतला. ज्या शब्दावर आपला कायदा उभा आहे त्याचा इतिहास ठाऊक असणे हे काही चैनीचे ज्ञान नव्हे.

या दोन लढ्यांचा संबंध आजचा नाही. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा ते त्यांनी अमेरिकेतील ज्या सज्जनांनी नीग्रोंना दास्यातून मुक्त करण्यासाठी स्वार्थत्याग केला त्यांना अर्पण केले. अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपली त्याला तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. पुण्यात बसलेल्या या माणसाला ती बातमी परक्या देशाची वाटली नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे १९१३ ते १९१६ ही तीन वर्षे भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी विद्वान कृष्णवर्णीय नेते द्यु बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती, आणि अस्पृश्यांची स्थिती व नीग्रोंची स्थिती यांत फार साम्य असल्याने आपण त्या प्रश्नाचा अभ्यास करीत आलो आहोत असे त्यांनी त्यात कळविले. द्यु बॉइस यांनी त्या पत्राला सहानुभूतीने उत्तर दिले.

आता कोकणाकडे येऊ. अमेरिकेतील लढ्याचा आरंभ पुष्कळजण १९५५ सालच्या मॉन्टगोमेरी शहरातील बस-बहिष्कारापासून मोजतात. आमच्या कोकणात त्याच्या अठ्ठावीस वर्षे आधी त्याच जातीचा एक प्रयोग होऊन गेला होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव संमत करून घेतला, की सरकारी पैशाने बांधलेली अथवा चालविलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा ही सार्वजनिक स्थळे अस्पृश्यांना खुली असावीत. महाडच्या नगरपालिकेने त्यास अनुसरून आपले चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. ठराव झाला, कागदावर सही झाली. पण तळ्यावर कोणी गेले नाही, कारण जाण्याची कोणाची छाती नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी प्यायले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला; पुढे तळ्यात पंचगव्य ओतून त्याची शुद्धी करण्यात आली; आणि नगरपालिकेने आपला आधीचा ठराव मागे घेतला.

डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रहाची दुसरी तयारी झाली, तोच काही सवर्ण नागरिकांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. तळे ही आपली खाजगी मालमत्ता असून अस्पृश्यांना तेथे पाणी न भरू देण्याची वहिवाट अनादि काळापासूनची आहे, असा त्यांचा दावा. बाबासाहेबांनी हुकमाचा मान राखून सत्याग्रह तहकूब केला आणि ते न्यायालयात लढले. शेवटचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला : अशी अनादि वहिवाट सिद्ध झालेली नाही. ओंजळभर पाण्याला दहा वर्षे लागली. दुसरीकडे, मॉन्टगोमेरीच्या काळ्या नागरिकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला, पायी चालत कामावर गेले, आणि अखेरीस सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर अवघ्या पंधरा दिवसांनी, २१ डिसेंबरला, मॉन्टगोमेरीच्या बसमध्ये काळी माणसे पुढच्या बाकांवर बसली.

तळे काय किंवा बस काय, दोन्ही सार्वजनिक. दोन्हींसाठी पैसा सर्वांकडून घेतला जात होता आणि उपभोग काहींनाच होता. येथपर्यंतचा लढा समजायला सोपा आहे. आणि खरे सांगायचे तर, त्याला पाठिंबा देणेही सोपे आहे. तळे खुले झाल्याने कोणाचे पाणी कमी होत नाही. बाक मोकळा झाल्याने भाडे वाढत नाही. कठीण भाग त्यानंतर सुरू होतो. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच उत्तरार्ध आहे.

अमेरिकेत २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनला सुमारे अडीच लाख लोकांचा मोर्चा निघाला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या त्या दिवशीच्या भाषणामुळे तो सर्वांच्या लक्षात राहिला. परंतु त्या मोर्चाचे पूर्ण नाव 'रोजगार आणि स्वातंत्र्य यांसाठी मोर्चा' असे होते, आणि त्यातला 'रोजगार' हा शब्द लोक सोयीने विसरले. २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्कांचा कायदा झाला. उपाहारगृहे, खाणावळी, नाट्यगृहे खुली झाली. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदान हक्काचा कायदा झाला. आणि त्यानंतर पाचच दिवसांनी, ११ ऑगस्टला, लॉस एंजेलिस शहराच्या वॉट्स या काळ्यांच्या वस्तीत दंगल उसळली. ३४ माणसे मेली. देशातले पुष्कळ सज्जन लोक चकित झाले : एवढे सगळे दिले, आता आणखी काय हवे?

हा प्रश्न आपल्याकडेही रोज ऐकू येतो, म्हणून त्याचे उत्तर नीट पाहू. वॉट्समधल्या माणसाला मत होतेच. उत्तरेत आणि पश्चिमेत त्याला ते तेव्हा नाकारले जात नव्हते. 'फक्त गोऱ्यांसाठी' अशी पाटी त्याच्या दारासमोर नव्हती. पण त्याला घर ठराविक वस्तीतच मिळे, त्या वस्तीतली शाळा निकृष्ट असे, त्या शाळेतून निघालेल्याला नोकरी मिळत नसे, आणि रस्त्यावर पोलिसाचा हात आधी त्याच्या खांद्यावर पडे. यातली एकही गोष्ट कोणत्या एका कलमात लिहिलेली नव्हती. पाटी काढता येते; न लिहिलेली पाटी कशी काढणार? १९६६ मध्ये किंग शिकागोला गेले, तेथील गरीब वस्तीत खोली घेऊन राहिले आणि गोऱ्यांच्या वस्त्यांत काळ्यांना घरे मिळावीत म्हणून त्यांनी मोर्चे काढले. ऑगस्टमध्ये अशाच एका मोर्चात त्यांच्या डोक्याला दगड लागला. दक्षिणेतल्या पाटीविरुद्ध त्यांना टाळ्या देणारे उत्तरेतले कित्येक लोक आपल्या शेजारचे घर म्हणताच गप्प झाले.

त्याच वर्षी, जून १९६६ मध्ये, मिसिसिपीत स्टोकली कारमायकेल या तरुणाने 'काळी सत्ता' ही घोषणा दिली. ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी 'ब्लॅक पँथर' पक्ष काढला. त्यांच्या हातातल्या बंदुकांची छायाचित्रे जगभर गेली. त्यांनी पुढे गरीब मुलांसाठी चालविलेल्या मोफत न्याहारीची तेवढी गेली नाहीत. त्यांच्या दहा कलमी कार्यक्रमात काम, घर, शिक्षण आणि पोलिसी जुलमापासून संरक्षण याच मागण्या होत्या. मार्गाविषयी किंग आणि हे तरुण यांच्यात तीव्र मतभेद होते, पण दुखणे कोठे आहे याविषयी फारसे नव्हते.

किंग यांचा शेवटचा लढा कोकणी माणसाने विशेष लक्षपूर्वक पाहावा असा आहे. टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात १ फेब्रुवारी १९६८ रोजी कचरागाडीच्या यंत्रात सापडून दोन सफाई कामगार मेले. पावसापासून आडोसा म्हणून ते गाडीत शिरले होते. १२ फेब्रुवारीला सुमारे तेराशे कामगारांनी संप पुकारला. हे सगळे काळे होते, कारण कचरा उचलणे हे शहरात काळ्यांचेच काम समजले जाई. त्यांच्या गळ्यातल्या फलकावर चार लहान शब्द होते, त्यांचा अर्थ 'मी माणूस आहे' एवढाच. किंग तेथे गेले आणि म्हणाले, की सर्वांना खुल्या झालेल्या उपाहारगृहात जायची मुभा मिळाली, पण खायला-प्यायला खिशात पैसे नसले तर त्या मुभेचा लाभ काय? ४ एप्रिल १९६८ रोजी त्याच शहरात त्यांचा खून झाला. १६ एप्रिलला संप मिटला; पालिकेने कामगारसंघटना मान्य केली आणि पगारवाढ दिली.

मेम्फिसचा हा प्रसंग वाचताना आम्हाला कणकवली आठवते. 'कोकणचे गांधी' म्हणून ज्यांना आपला प्रांत ओळखतो ते अप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगातले भंगीकाम आपल्याला करू द्यावे, अशी मागणी त्यांनी केली. ते उच्च जातीचे म्हणून नियमाने ती नाकारण्यात आली. त्यांनी अन्न सोडले. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण आरंभले. पुढे १९४८ साली अप्पासाहेबांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम काढला. संडास-सफाई आणि मेलेल्या जनावराचे कातडे कमावणे ही कामे स्वतः करून दाखविली, आणि मैला हाती न घेता त्याचे खत व्हावे असा संडास बसवून पाहिला.

अप्पासाहेबांविषयी आदर बाळगूनच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ते काम त्यांनी स्वीकारले होते. ज्यांच्या कपाळी ते जन्माने आले होते त्यांना ते नाकारता येत नव्हते. घाणकामाला प्रतिष्ठा द्या, असे एक पक्ष म्हणतो. त्या कामातून माणसाला सोडवा, असे दुसरा म्हणतो. बाबासाहेब दुसऱ्या पक्षाचे होते आणि कामाच्या गौरवाने बेडी सोनेरी होते, तुटत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आम्हाला विचाराल तर मेम्फिसच्या कामगारांनी दोन्ही पक्षांना जोडणारा धागा दाखविला : जो काम करतो त्याला पुरती मजुरी, सुरक्षित यंत्र आणि काम सोडण्याची मोकळीक हवी. ही तीन असतील तर प्रतिष्ठा मागून येते. नसतील तर प्रतिष्ठेची भाषणे पोकळ ठरतात.

ही जुनी गोष्ट झाली, असे कोणी म्हणू नये. अप्पासाहेबांना ज्या नियमाने अडविले, त्या जातीचे नियम अनेक राज्यांच्या कारागृह-नियमावल्यांत स्वातंत्र्यानंतरही राहिले. कोणत्या जातीच्या कैद्याने स्वयंपाक करावा आणि कोणत्या जातीच्या कैद्याने झाडलोट करावी, याची त्यांत वाटणी होती. मुंबईतील एका पत्रकार महिलेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने अशी कलमे ३ ऑक्टोबर २०२४ रोजी रद्द केली. रत्नागिरीतल्या उपोषणापासून ब्याण्णव वर्षे झाली होती. हाताने मैला काढण्यास बंदी करणारे कायदे १९९३ आणि २०१३ साली झाले. तरी गटारात उतरून माणसे मरत राहिली, म्हणून त्यांच्या वारसांना द्यावयाची दहा लाखांची भरपाई न्यायालयाला २०२३ मध्ये तीस लाख करावी लागली. मृत्यूची किंमत वाढवावी लागते याचा अर्थ मृत्यू थांबलेले नाहीत.

आता महाराष्ट्रातील उत्तरार्ध पाहू. कायदा १९५५ चा; पण १९७२ साली इंदापूर तालुक्यातील बावडा येथे दलितांवर सामाजिक बहिष्कार पडला आणि परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे दलित स्त्रियांची विटंबना झाली. देशभरातील अत्याचारांचे वर्णन करणारा इळयापेरुमल समितीचा अहवाल तेव्हा सरकारदरबारी येऊन पडलेला होता. त्याच वर्षी मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदी तरुणांनी 'दलित पँथर' स्थापन केली. नाव उघडपणे अमेरिकेतून घेतलेले. अमेरिकेत शिकून आलेले डॉ. म. ना. वानखेडे यांच्यासारख्या प्राध्यापकांनी काळ्या लेखकांची ओळख मराठीला आधीच करून दिली होती. १५ ऑगस्ट १९७२ च्या सुमारास 'साधना'तील राजा ढाले यांच्या लेखावर मोठे वादळ उठले. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या चाळींत दंगल झाली आणि निषेधाच्या मोर्चात भागवत जाधव हा तरुण मारला गेला. पुढे मतभेद झाले आणि १९७७ साली मूळ संघटना विसर्जित केल्याचे जाहीर झाले. पाच वर्षांचेच आयुष्य. परंतु अत्याचाराची बातमी येताच तेथे जाऊन उभे राहायचे, ही रीत तिने घालून दिली.

दोन्ही देशांतील प्रश्न सारखे असले तरी एकच नाहीत. अमेरिकेत भेद कातडीवर लिहिलेला आहे; तो लपत नाही. आपल्याकडे तो दिसत नाही, म्हणून आपण आडनाव विचारतो, गाव विचारतो, गावातली वाडी विचारतो. शिवाय तेथील भेदाला पोटापुरता धर्माचा आधार होता. येथे तो आधार पायाचाच दगड होऊन बसला होता. पण किंग यांनाही या सारखेपणाची जाणीव आपल्याच देशात झाली. १९५९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ते भारतात आले होते. त्रिवेंद्रमच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी मुलांना त्यांची ओळख 'अमेरिकेतून आलेले अस्पृश्य' अशी करून दिली. पुढे १९६५ साली एका प्रवचनात त्यांनी सांगितले, की आधी आपल्याला धक्का बसला. मग आपल्या देशातील दोन कोटी बांधवांची स्थिती डोळ्यांपुढे आली आणि ओळख खरीच आहे असे वाटले.

समतेच्या वादातला सर्वांत अवघड मुद्दा अखेरीस घेतो. पिढ्यान्पिढ्या ज्याला मागे ठेवले, त्याला केवळ 'आता सगळे सारखे' असे सांगितल्याने समता होते काय? शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात रिकाम्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखल्या, तेव्हाच आपल्याकडे याचे एक उत्तर दिले गेले. १९७५ साली केरळच्या एका खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की राखीव जागा हा समतेच्या तत्त्वाला अपवाद नसून त्या तत्त्वाचेच अंग आहे. अमेरिकेत १९७८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय महाविद्यालयातील ठरीव राखीव जागा अवैध ठरविल्या, मात्र प्रवेशाच्या वेळी वर्णाचा विचार करण्यास मुभा ठेवली. आणि जून २०२३ मध्ये तीही काढून घेतली. राखीव जागांविषयी येथे बसलेल्यांची मते भिन्न असतील. पण वादात एक शिस्त पाळावी असे आम्ही सुचवतो : 'जात पाहू नका' हे वाक्य जो राखीव जागेच्या वेळी उच्चारतो, त्याने ते मुलीचे लग्न जमविताना, भाडेकरू ठेवताना आणि गटारात माणूस उतरविताना देखील उच्चारावे. अमेरिकेत भिन्नवर्णीयांच्या विवाहावरील बंदी १९६७ साली न्यायालयाने मोडली. आपल्याकडे भिन्न जातींच्या हिंदूंचे विवाह १९४९ च्या कायद्याने वैध ठरविले. या बाबतीत आपण अठरा वर्षे पुढे होतो. कायद्यात. घरात आपण कोठे आहोत हे ज्याचे त्याने पाहावे.

आपल्या सिंधुदुर्गात देवापुढे गाऱ्हाणे घालण्याची रीत आहे. ते एका माणसासाठी नसते. साऱ्या गावच्या वतीने, साऱ्यांच्या कल्याणासाठी ते घातले जाते. गावऱ्हाटीत प्रत्येकाचा मान आणि प्रत्येकाचे काम ठरलेले असते, आणि त्यामुळेच गाव एक राहिला असे आपण अभिमानाने सांगतो. त्यात तथ्यही आहे. पण मान कोणाचा आणि काम कोणाचे, ही वाटणी एकदा उघड्या डोळ्यांनी वाचावी. गाव म्हणताना ज्याला आपण गृहीत धरतो, त्याला गावच्या निर्णयात बोलायला जागा आहे काय? त्याच्या वाडीला रस्ता आणि नळ शेवटी का पोहोचतो? त्याच्या प्रेताची वाट कोणत्या बाजूने जाते?

१९२३ चा ठराव आणि १९२७ ची ओंजळ यांत चार वर्षे गेली, आणि ओंजळ व निकाल यांत दहा. कायदे आता झालेले आहेत, ते बरेही आहेत. पण ठरावानंतर चार वर्षे चवदार तळ्याचे पाणी तसेच होते. ते कोणीतरी जाऊन प्यावे लागले, आणि सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांच्यासारखे काही सवर्ण गृहस्थ त्या वेळी बाबासाहेबांच्या बाजूला उभे राहिले. महाड हे याच किनाऱ्यावरचे गाव आहे. तेथे पहिल्या माणसाला जे करावे लागले ते करायची आपल्यावर वेळ नाही. आपल्या वाट्याला आले आहे ते दुसऱ्या प्रकारच्या माणसाचे काम, आणि तेवढे तरी या गावातून व्हावे, अशी अपेक्षा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.